हात काढू नोको

आंबादरी तांड्यावर आज जी पंचविशी-तिशीतली पोरं दिसतात, त्यांतल्या बहुतेकांना जगात आल्यावर पहिला हात लागला तो हिरीबाईचा. इंझोरीच्या पलीकडे, डोंगर सुरू होतो तिथे हा तांडा. दिवाळी झाली की अर्धी घरं कुलूप लावून ऊसतोडीला जातात आणि उन्हाळा तापला की परत येतात. हिरीबाई लग्न होऊन आली तेव्हा सासूच सुईण होती. सासूच्या मागेमागे कंदील धरून फिरता फिरता हिला सगळं येऊ लागलं. पुढे कोयता घेऊन ती नवऱ्याबरोबर तोडीला जायची, तेव्हाही फडात कुणाची वेळ भरली तर तिलाच हाक मारायचे. उसाच्या पाचटावर, खोपीत, एकदा तर बैलगाडीच्या खाली तिने बाळंतपणं केली. "हिरीचा हात हलका हाय" असं बायका म्हणत. ते ऐकून ती मान खाली घालायची, पण आवडायचं तिला.

तिची स्वतःची पाच बाळंतपणं झाली. नवीन आणि निता ही दोन लेकरं जगली. उरलेल्या तिघांबद्दल ती कधी बोलत नाही. कुणी विचारलंच तर "देवानं नेली" एवढंच म्हणते आणि कामाला लागते.

मग विजयमाला सिस्टर आली. मूळची अनसिंगकडची, सडपातळ, बोलायला फटकळ. तांड्यापासून काही अंतरावरच्या उपकेंद्रात तिची नेमणूक झाली आणि ती स्कूटीवरून येऊ-जाऊ लागली. पोटुशा बायांना सुया, गोळ्या, तपासणी. हळूहळू बायका गाडीत बसून दवाखान्यात जाऊ लागल्या. एकदा लसीकरणाच्या दिवशी, निंबाखाली बायका जमलेल्या असताना सिस्टर सगळ्यांदेखत म्हणाली, "हिरीबाई, आता घरी बाळंतपण करायचं नाही बरं. काही कमीजास्त झालं तर तुमच्या नावावर येईल."

सिस्टरने ते काळजीने सांगितलं होतं. हिरीबाईने त्यातलं एवढंच ऐकलं की आता तुझी गरज उरली नाही. त्या दिवसापासून सिस्टर तांड्यावर आली की हिरीबाई रानात निघून जायची. घरी सापडली तर खराटा घेऊन मागच्या अंगणात जायची आणि झाडलेलंच पुन्हा झाडत राहायची.

यंदा नवीन एकटाच तोडीला गेला. त्याची बायको रंजीता पोटुशी होती. पहिलटकरीण, अंगाने काडी. सिस्टरने तिचं रक्त तपासलं आणि धनसिंगला, म्हणजे हिरीबाईच्या नवऱ्याला, अंगणातच बजावलं, "रक्त फार कमी आहे पोरीचं. गोळ्या दिल्यात, पण हिचं बाळंतपण वाशीमलाच करायचं. तालुक्याच्या दवाखान्यातही नाही. कळा सुरू झाल्या की लगेच फोन करा, मी गाडी बोलावते." तारीख संक्रांतीच्या पुढची दिली होती. हिरीबाईने हे सगळं मागच्या अंगणातून ऐकलं. सून घरी राहणार म्हणून तीही यंदा तोडीला गेली नाही. तांड्याला त्याचं कौतुक वाटलं. पण हिरीबाईच्या मनात आणखी काहीतरी होतं, आणि ते त्या सकाळी कळलं.

मार्गशीर्ष सरत आला होता. कपाशीची वेचणी चालली होती. रंजीता चुलीपुढे भाकरी थापत होती आणि थापता थापता तिचा डावा हात मधूनच कमरेवर जात होता. दुसऱ्यांदा गेला तेव्हा हिरीबाईने पाहिलं.

"कंबर दुखून राह्यली काय?"

"थोडी."

"कवापासून?"

"उठल्यापासून. येते नं जाते."

एवढं पुरे होतं. हिरीबाईला कळ ओळखायला दुसरं काही लागत नव्हतं. दिवस अजून पुरे भरलेले नव्हते, तरी कळ खरी होती. धनसिंग बाहेर अंगणात पागोटं बांधत होता, त्याला यातलं काही ऐकू गेलं नव्हतं. गाडी बोलावून देणारी तांड्यावरची आरोग्यसेविका आशाताई त्या दिवशी मिटिंगला तालुक्याला गेलेली होती, पण धनसिंगच्या खिशात फोन होता. "सिस्टरले फोन करा" हे तीन शब्द हिरीबाईच्या ओठावर आले असतील. पण ती म्हणाली, "तुमी व्हा फुडं वावरात. मी येते मागून."

नंतर तिनेच हे सांगितलं, काही न लपवता. "माह्या मनात आलं, आपली नात आपल्याच हातानं घ्यावी. आजवर साऱ्या तांड्याची घेतली. एक माह्या घरची. मंग बसा म्हना गाडीत साऱ्यांनी."

सूर्य माथ्यावर यायच्या आत मुलगी झाली. अडली नाही, रंजीताने फार ओरडाही केला नाही. बाळ रडलं, वारही आली, पूर्ण आली. हिरीबाईने ती उलटसुलट करून पाहिली आणि समाधानाने बाजूला ठेवली. सासूने शिकवलं होतं तसं जुन्या लुगड्याचा पट्टा करून रंजीताच्या पोटाला आवळून बांधला. मग बाळाला पुसून दुपट्यात गुंडाळलं, कोनाड्यातल्या देवाला दाखवलं. सुनेला म्हणाली, "पाह्य, कशी नाकाडी हाय. तुह्यावर गेली."

रंजीता काही बोलली नाही.

हिरीबाई वळली. अंथरलेलं धडपं लाल झालं होतं. बाळंतपणात रक्त जातंच, त्यात नवल नव्हतं. तिने दुसरं धडपं सरकवलं. बाळाच्या तोंडाला मधाचं बोट लावून पुन्हा पाहिलं तर तेही भिजलेलं, आणि त्याखालची गोधडीही. रक्त थेंबाथेंबाने येत नव्हतं, एकसारखं वाहत होतं.

"रंजीता. ए पोरी."

"याडी," रंजीता म्हणाली. तांड्यावर आईला याडी म्हणतात, आणि सुनाही सासूला तसंच म्हणतात. "याडी, मले अंधार दिसून राह्यला."

तिचे ओठ भिंतीच्या चुन्यासारखे झाले होते. हात लावला तर कपाळ गार आणि ओलं.

हिरीबाईने पट्टा आणखी आवळला. अंगावर गोधडी टाकली. बाजेचं पायाकडचं टोक विटांवर उचललं. तिला जे येत होतं ते सगळं तिने केलं, आणि रक्त थांबलं नाही. आता आपल्याजवळ पुढचं काही नाही, हे तिला त्या क्षणी कळलं. इतकी वर्षं प्रत्येक वेळी पुढचं काहीतरी असायचं.

ती दाराशी धावली. "ललिताबाई! व ललिताबाई! नवीनच्या बापाले बलाव! धाव!"

ललिताबाई शेजारची, थोराड हाडाची बाई. तिने हिरीबाईच्या कोपरापर्यंत भरलेले हात पाहिले आणि काही न विचारता वावराकडे पळत सुटली. वावर तांड्याला लागूनच होतं. धनसिंग धापा टाकत आला आणि उंबऱ्याबाहेर थांबला. बाळंतिणीच्या खोलीत सासऱ्याने जायचं नसतं.

हिरीबाई आतूनच म्हणाली, "अवो, सिस्टरले फोन लावा."

धनसिंग क्षणभर तसाच उभा राहिला. या घरात सिस्टरचं नाव हिरीबाईच्या तोंडून त्याने पहिल्यांदाच ऐकलं होतं.

"पाह्यता काय असे! पोरगी चालली माही! लावा फोन!"

फोन लावायचा म्हणजे टाकीवर चढायचं. तांडा खोलगट जागेत, त्यामुळे रेंज मिळते ती फक्त पाण्याच्या टाकीच्या जिन्यावर, अर्ध्याच्या वर गेल्यावर. धनसिंगचे गुडघे दुखरे. तरी तो लोखंडी जिना धरून चढला. पहिल्यांदा लागला नाही. दुसऱ्यांदाही नाही. तिसऱ्यांदा सिस्टरने उचलला.

"सिस्टर, सून बाळंत झाली. घरीच. अन् रगत थांबून नाई राह्यलं."

पलीकडे सिस्टरचा आवाज एकदम सपाट झाला. "कोण आहे तिच्याजवळ?"

"नवीनची याडी."

"ठीक. मी सांगते ते तिला सांगा. जसंच्या तसं. वार पडली का?"

टाकीपासून घरापर्यंत आवाज थेट पोचत नव्हता. ललिताबाई मधे हापशीजवळ उभी राहिली. धनसिंगने टाकीवरून ओरडायचं, ललिताबाईने ते घराच्या दाराकडे ओरडायचं, आणि हिरीबाईचं उत्तर तसंच उलट वर जायचं.

"वार पडली काय?"

"पडली! पुरी पडली!"

"पोटाले पट्टा बांधला काय?"

"बांधला!"

"सोडा म्हणते तो! सोडा! पट्टा काढून टाका!"

हिरीबाईचे हात थबकले. सासूपासून चालत आलेला पट्टा. प्रत्येक बाळंतिणीला तिने तो बांधला होता. तिने गाठ ओढली. ती सुटेना, तेव्हा विळीने कापली.

आता पुढचं धनसिंगला ओरडायचं होतं, आणि त्याच्या तोंडून शब्द फुटेना. तो सासरा होता. लग्न झाल्यापासून रंजीता त्याच्यासमोर पदर ओढूनच वावरली. दोघं एकमेकांशी थेट बोलतही नसत. पाणी हवं असलं तर तो भिंतीकडे पाहून म्हणायचा, "पाणी पाह्यजे होतं." आणि आता फोनमधून सिस्टर जे सांगत होती ते साऱ्या तांड्यादेखत टाकीवरून ओरडायचं.

"धनसिंगभाऊ, सांगताय ना? वेळ नाही!"

त्याने डोळे मिटले आणि ओरडला, "बेंबीच्या खाली हात घाल! पोट चोळ! जोरानं! आतमंदी पिशवीचा गोळा लागते काय पाह्य!"

ललिताबाईने तेच पुढे ओरडलं. दारादारांतून बायका बाहेर आल्या होत्या. कुणी हसलं नाही.

"नाई लागत गोळा! मऊ हाय!"

"मऊच हाय म्हणून रगत जाऊन राह्यलं! चोळत राह्य! नारळावाणी घट झाला पाह्यजे! बाळाले थानाले लाव! अन् तिले... तिले लघवी करायले लाव! आत्ता! लघवीनं पोट भरलं असलं तं गोळा घट होत नाई!"

हिरीबाईने सगळं केलं. एका हाताने बाळ रंजीताच्या छातीशी धरलं, दुसऱ्याने पोट चोळत राहिली. रंजीताची मान बाजूला पडत होती. तिला हाक मारून मारून जागं ठेवावं लागत होतं. रंजीताला उठवणार कसं? हिरीबाईने खाली भांडं सरकवलं आणि तोंडाने लहान लेकराला करतात तसा आवाज काढत राहिली. थोड्या वेळाने झालं. आणि मग, चोळता चोळता, तळहाताखाली काहीतरी आवळल्यासारखं लागलं. गोल, टणक.

"लागला! गोळा लागला!"

आणि तो पुन्हा ढिला पडला. रक्त पुन्हा सुरू झालं.

टाकीवरून आवाज आला, "गोळा वरून हातात धर! खाली दाब, पुढच्या हाडावर! दुसऱ्या हातानं खालून दाब! दोन हाताच्या मंदात धरून ठेव! सोडू नोको! गाडी येऊस्तोर सोडू नोको!"

गाडी मात्र लगेच येणार नव्हती. अॅम्ब्युलन्स दुसरा पेशंट घेऊन वाशीमला गेली होती. परत यायला वेळ लागणार होता. सिस्टर म्हणाली, "वाट पाहू नका. तांड्यावर कुणाची गाडी आहे?"

गाडी फुलचंदची होती. कांदा-सोयाबीन वाहायची पिकअप. फुलचंद दारात उभाच होता, पण किल्ली हातात घेऊन घुटमळत होता. "रस्त्यातच काई झालं तं? माह्या गाडीत?"

ललिताबाई हापशीवरून त्याच्यापुढे येऊन उभी राहिली. "फुलचंद, तू हिरीच्याच हातावर झाला. तुही माय मरून राह्यली होती तवा हिनं तुले वढून काढलं. चालू कर गाडी."

त्याने गाडी चालू केली.

खाट उचलून गाडीत चढवता येईना, म्हणून गोधडीचे चार कोपरे धरून रंजीताला मागच्या हौद्यात घेतलं. हिरीबाई तिच्यासोबतच चढली, कारण तिचे हात निघत नव्हते. पोट धरलेलं ठेवूनच ती गुडघ्यांवर सरकत वर आली. ललिताबाई बाळाला घेऊन पुढे बसली. धनसिंग टाकीवरून उतरून आला होता. सिस्टरने शेवटचं सांगितलं होतं, पाय उंच धरा. मागे तिसरं कुणी नव्हतं. तो हौद्यात चढला, सुनेच्या पायांशी बसला आणि तिचे दोन्ही पाय उचलून आपल्या मांडीवर, मग खांद्याशी घेतले. रंजीताचा पदर कुठल्या कुठे गेला होता. धनसिंग मान वळवून रस्त्याकडे पाहत राहिला.

तांड्याचा रस्ता खडीचा. प्रत्येक खड्ड्याला गाडी उसळायची आणि हिरीबाईचे हात सरकायचे. मग ती पुन्हा शोधायची, दाबायची. सावकाश चालव म्हणावं तर वेळ जात होता. जोरात चालव म्हणावं तर हात सुटत होते. ती काहीच म्हणाली नाही. मनगटं कळा मारू लागली होती. रंजीताचे डोळे अर्धे मिटले होते.

"रंजीता, ए रंजीता. बोल माह्यासंग. नवीनचं नाव घे."

हिरीबाई तिच्या तोंडाजवळ वाकली.

"उखाणा घे. लग्नात घेतला तो घे."

रंजीताचे ओठ हलले, शब्द आला नाही. धनसिंग, रस्त्याकडेच पाहत, मोठ्याने म्हणाला, "रंजीता, याडी काय म्हनते ते आयक." आजवर त्याने तिचं नाव घेतलं नव्हतं. रंजीताने डोळे उघडले. कुणाचा आवाज हे तिला कळलं असावं.

डांबरी रस्त्याच्या फाट्यावर सिस्टरची स्कूटी आडवी लावलेली दिसली. सिस्टर हात वर करून रस्त्यातच उभी. गाडी पुरती थांबायच्या आत ती पिशवीसकट हौद्यात चढली. स्कूटी तिथेच राहिली, किल्लीसकट. तिने आधी रंजीताची पापणी खाली ओढून पाहिली, नाडी धरली आणि एक इंजेक्शन मांडीत दिलं.

"हात दुखले असतील. मी घेऊ?"

"घ्या," हिरीबाई म्हणाली.

सिस्टरने हिरीबाईच्या हातांवर आपले हात ठेवून पाहिलं आणि मान हलवली. "नको. बरोबर जागा धरलीये तुमी. मला सलाईन लावायचंय. हात काढू नका."

गाडी पळत होती. सिस्टरने रंजीताच्या हातावर शीर शोधली. सुई घातली, रक्त आलं नाही. शिरा बसल्या होत्या. दुसऱ्या हाताला पाहिलं. गाडी उसळली आणि सुई बाहेर आली. सिस्टरने शिवी हासडली, फुलचंदला, रस्त्याला की आणि कुणाला ते कळलं नाही. मग ती पालथी वाकली, स्वतःच्या गुडघ्याने रंजीताचा हात दाबून धरला, आणि तिसऱ्यांदा सुई बसली. सलाईनची बाटली धनसिंगने एका हाताने उंच धरली.

तेव्हा सिस्टरने पहिल्यांदा हिरीबाईकडे नीट पाहिलं. "कळा कधीपासून होत्या?"

हिरीबाईला "आत्ताच" म्हणता आलं असतं. धनसिंगलाही खरं ठाऊक नव्हतं. तो तर वावरात होता.

"सकाळपासून," ती म्हणाली. "मले ठाव होतं. म्याच नाई करू देला फोन."

धनसिंगची मान झटक्यात इकडे वळली. बाटली हातात हिंदकळली.

"बाटली वर," सिस्टर म्हणाली. आणि हिरीबाईला, "दाब कमी होतोय. धरा नीट."

तालुक्याच्या दवाखान्यात डॉक्टर आणि नर्सा दारातच उभ्या होत्या. सिस्टरने फोन करून ठेवला होता. त्यांनी रंजीताला आत घेतलं, आणखी इंजेक्शनं दिली, आत फुगा घालून रक्त दाबून धरलं. रक्ताचा जोर कमी झाला. पण अंगातलं जे गेलं होतं ते भरायला रक्त हवं होतं, आणि ते वाशीमला होतं. आता अॅम्ब्युलन्स आली होती. हिरीबाईचे हात कुणीतरी पोटावरून सोडवले होते. बोटं वळलेलीच राहिली होती, ती सरळ होईनात. एका नर्सने त्यांवर कोमट पाणी ओतलं.

वाशीमच्या मोठ्या दवाखान्यात पोचेपर्यंत उन्हं कलली होती. रंजीताला आत नेल्यावर रक्त देणारं कोण, असं विचारत एक जण बाहेर आला. हिरीबाई सगळ्यांत आधी उठली. दंडावरचं काकण वर सरकवून हात पुढे केला.

त्याने तिच्या बोटाला टोचून थेंब घेतला, पाहिला, आणि म्हणाला, "मावशी, तुमचं नाही घेता येत."

"काहून? म्हातारी झाली म्हणून?"

"तुमच्याच अंगात रक्त नाही. तुम्हालाच चढवायची वेळ आहे."

हिरीबाईला ते कळेना. ती आयुष्यभर ऊस तोडत आली होती. मोळ्या डोक्यावर घेऊन ट्रॅक्टरवर चढत आली होती. पाच बाळंतपणं झाली होती तिची. "मले कदी चक्कर नाई आली," ती म्हणाली. मग थोडं थांबून, "येते कदीमदी. ते तं साऱ्यांलेच येते."

धनसिंगचं रक्त घेतलं. फुलचंद गाडी घेऊन मागोमाग आला होता, त्याचंही घेतलं. रक्तपेढीतून रंजीताच्या गटाच्या पिशव्या मिळाल्या. दार बंद झालं आणि मग नुसतं बसणं उरलं. हे बसणं हिरीबाईला त्या रस्त्यापेक्षाही जड गेलं. रस्त्यात निदान हातात काहीतरी होतं. दार उघडलं की ती उठायची. कुणी ट्रे घेऊन जायचं, कुणी रिकाम्या हाताने, तिच्याकडे कुणी पाहायचं नाही. एकदा आतून कुणीतरी घाईने "अजून एक पिशवी" म्हणालं, आणि धनसिंगने भिंतीला डोकं टेकलं.

नवीनचा फोन आला. कारखान्याच्या तळावरून. धनसिंगने तो हिरीबाईपुढे धरला. तिने मान हलवली. धनसिंगनेच सांगितलं, "पोरगी झाली. सून आत हाय. तू निघ."

विजयमाला सिस्टर बाकाच्या दुसऱ्या टोकाला बसली होती. तिच्या पांढऱ्या साडीवर डाग वाळले होते. बऱ्याच वेळाने ती म्हणाली, "मी रागावलेली आहे तुमच्यावर. समजलं ना?"

"हाव."

"सहा घरं फिरून मी सांगते, फोन करा, फोन करा. अन् ज्या बाईला सगळ्यांत जास्त समजतं, तिनंच नाही केला."

"मारा मले," हिरीबाई म्हणाली.

"मारून काय मिळणार मला?" सिस्टर म्हणाली. तिचाही आवाज दमलेला होता. "तुमच्या तांड्यावर अजून दोघी पोटुशा आहेत. एकीची सासू मला दारात उभी करत नाही. तुमी जाल तर पाणी देईल."

तेवढ्यात दार उघडलं. डॉक्टरीण बाहेर आली, तरुण, टोपी अजून डोक्यावरच. "रक्त थांबलंय," ती म्हणाली. "गर्भाची पिशवी काढावी लागली नाही. पण उद्यापर्यंत काही सांगता येत नाही, डोळ्यांत तेल घालून पाहावं लागेल. एकच जण आत येऊ शकतो."

हिरीबाईने सिस्टरकडे पाहिलं, धनसिंगकडे पाहिलं, आणि ललिताबाईच्या मांडीवरचं बाळ घेऊन आत गेली. रंजीताच्या नाकात नळी होती, दोन्ही हातांना पट्ट्या होत्या. तिने बाळाकडे पाहिलं, आणि मग सासूकडे.

"मले वाटलं, मी गेली," ती म्हणाली.

"गेली असती," हिरीबाई म्हणाली. "माह्यामुळं." तिने सकाळचं सगळं सांगून टाकलं, तिथेच, उभ्या उभ्या. रंजीताने डोळे मिटले. ती झोपली की तिने ऐकायचंच बंद केलं, हे हिरीबाईला कळलं नाही. मग रंजीता डोळे न उघडता म्हणाली, "बाळाले इकडे द्या."

रंजीता वाचली. नवीन दुसऱ्या दिवशी उतरला तेव्हा ती उशीला टेकून बसत होती. पण तिला सावरायला उन्हाळा उजाडला. केस मुठीने गळायचे, चार पावलं चालली की धाप. हिरीबाईची मनगटं सुजली होती. तिला वेचणीला जाता आलं नाही, भाकरीही थापता यायची नाही. म्हणून धनसिंगने थापल्या. त्या कच्च्या राहायच्या आणि कुणी काही बोलायचं नाही. सकाळचं खरं कळल्यावर नवीन आईशी महिनाभर बोलला नाही. रंजीता मात्र बोलायची, लागेल तेवढंच. तांड्यावरच्या बायकांना वाटलं होतं की हे घर आता फुटणार.

फुटलं नाही. मुलीचं नाव वैभवी ठेवलं. हिरीबाई त्या सासूच्या दारात गेली, जिथे सिस्टरला उभं करत नव्हते. काय बोलली कुणास ठाऊक, पण ती पोरगी चैत्रात गाडीत बसून वाशीमला गेली, आणि हिरीबाई तिच्यासोबत. आत घेतलं नाही म्हणून ती वऱ्हांड्यात नर्सशी भांडली, आणि मग तिथेच पायरीवर बसून राहिली, बाळ रडल्याचा आवाज येईपर्यंत.

पावसाळ्याच्या शेवटी रंजीता एकटीच उपकेंद्रात जाऊन आली. रात्री जेवताना तिने सांगितलं, की तिने तांबी बसवून घेतली आहे, चार-पाच वर्षं दुसरं मूल नको, आणि दिवाळीनंतर ती तोडीला येणार नाही. वैभवीला घेऊन फडात राहायचं नाही तिला. नवीनने ताट सरकवलं. हिरीबाईही उसळली, न विचारता असं केलं म्हणून. दोन दिवस सासू-सुनेचं बोलणं बंद होतं.

दिवाळी झाली. मुकादमाचा ट्रॅक्टर तांड्यावर आला. नवीनने पुन्हा विषय काढला, जोडीने गेलं तर बरं पडतं, एकट्याचं काय. हिरीबाई दारात शेंगा सोलत बसली होती.

"ते नाई येत म्हनते तं नाई येत," ती मान वर न करता म्हणाली. "कायले वढून नेतो?"

नवीनने आईकडे पाहिलं, काही बोलणार तोच धनसिंगने त्याच्या हातात कोयत्यांचं गाठोडं दिलं. ट्रॅक्टर निघाला. वैभवी उंबरा ओलांडायचा प्रयत्न करत होती आणि रंजीता तिला पाहत नुसती उभी होती, पदर खांद्यावर, सासरा समोर असूनही.